दोघींच्या हातच्या गोळ्या

थंडी पडली की त्या घरात सगळ्यात आधी जाग यायची ती थोरल्या सुनेला. खिडकीच्या काचांवर आतून दव साचलेलं असायचं. ते ती जुन्या टॉवेलने पुसून घ्यायची, गॅसवर पाणी ठेवायची आणि सासूबाईंचे लोकरीचे मोजे हीटरवर पसरायची. सासूबाईंचे पाय पलंगाखाली उतरायच्या आत मोजे ऊबदार झालेले असत. ही गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती आणि तिचं कौतुकही कुणी केलं नव्हतं. अंगवळणी पडलेल्या चांगुलपणाचं घरात तसंच होतं. भिंतीवरच्या घड्याळासारखं, चालू आहे तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही.

मागे सासूबाईंच्या पायात रक्ताची गाठ झाली, तेव्हा दवाखान्यात उशापायथ्याला बसली ती थोरलीच. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज संध्याकाळी देणं, अधूनमधून रक्ततपासणीला नेणं, डॉक्टरीणबाई सांगतील तशी गोळी कमीजास्त करणं, हे सगळं तिच्याकडे होतं. "या गोळीवर असताना साधी खोकल्याची बाटलीसुद्धा मला विचारल्याशिवाय द्यायची नाही," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तेही तिलाच. घरात तिला जो काही मान होता तो त्या एका गोळीचा होता, असं म्हटलं तरी चालेल.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी घरात आली.

धाकटी एका व्यायामशाळेत स्वागतकक्षात बसायची. दिवसभर माणसांशी गोड बोलण्याचंच काम, त्यामुळे जिभेवर साखर कायमची. वाईट नव्हती ती. कामाला मागे हटायची नाही, थोरलीला "ताई, ताई" करायची. पण थोरलीला दहा वर्षांत जे जमलं नाही ते तिने पहिल्याच हिवाळ्यात केलं. तिने सासूबाईंना हसवलं.

त्याचं निमित्त झालं एक नारिंगी गोळी. व्यायामशाळेत येणाऱ्या बायका थंडीत सर्दी होऊ नये म्हणून घेतात म्हणून धाकटीने ती आणली. पेल्यातल्या पाण्यात टाकली की फसफसत वर यायची. सासूबाई लहान मुलीसारख्या पेल्यात डोकावल्या.

"अगं बघ कशी नाचते. आणि वासही किती छान आहे."

"ताकद वाढते याने, आई. सर्दी जवळपास फिरकत नाही," धाकटी म्हणाली.

थोरली ओट्याशी उभी होती. ती म्हणाली, "आधी डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं. तुमची ती गोळी चालू आहे."

बोलली ते अगदी खरं होतं. पण शब्द खरे असले तरी आवाज खरा नव्हता. त्या आवाजात डॉक्टरीणबाई कमी होत्या आणि पोटदुखी जास्त होती. सासूबाईंचे कान म्हातारे झाले असले तरी एवढं त्यांना ऐकू येत होतं.

"तुला तिचं काही बरं दिसतच नाही," त्या म्हणाल्या आणि पेला रिकामा केला.

त्या दिवसापासून डॉक्टरीणबाईंना विचारायचं थोरलीने मनातून काढून टाकलं. विचारलं आणि त्या 'चालेल' म्हणाल्या, तर आपलीच नाचक्की. नाही विचारलं, तर निदान शंका तरी आपल्या बाजूला राहील.

त्या हिवाळ्याचे पहिले काही आठवडे सासूबाईंना सर्दी झाली नाही. आता, मागच्या हिवाळ्यातही झाली नव्हती. पण मागच्या वेळी ती न झाल्याचं श्रेय कुणालाच मिळालं नव्हतं. यंदा ते त्या नारिंगी गोळीला मिळालं. शेजारीण आली की सासूबाई सांगत, "धाकटीचा पायगुण. यंदा शिंक म्हणून नाही." फोनवर लेकीला सांगत, "धाकटी फार जपते गं मला." आणि थोरली तेव्हा नेमकी त्यांच्या अंथरुणाची चादर बदलत असायची.

थोरली एका लाँड्रीत कामाला होती. थंडीत तिथे जड कोटांचा ढीग पडायचा. वाफेच्या इस्त्रीखाली ओली लोकर धरली की उग्र वास सुटायचा आणि तो केसांत बसायचा. शेजारच्या टेबलावर रफूवाली बसायची. कोटाला पडलेली भोकं बुजवता बुजवता ती जगाच्या उचापती करायची, आणि जोडीला बरण्या विकायची. लसणीच्या अर्काच्या गोळ्या होत्या तिच्याकडे, काळ्या बरणीतल्या.

"तोंड का उतरलंय?" रफूवालीने एकदा विचारलं.

थोरलीने सांगितलं. सगळंच सांगितलं. ऐकायला कुणी मिळालं की मत्सराला वाणी फुटते.

"ती फसफस म्हणजे नुसतं रंगीत पाणी," रफूवाली म्हणाली. "खरी ताकद यात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांची खोकल्याची उबळ गेली. नैसर्गिक आहे, त्रास कसला व्हायचाय? आणि बाकीचे एक घेतात तिथे तुझ्या सासूला दोन दे. लवकर फरक दिसेल."

थोरलीने बरणी घेतली. तिच्यावर बारीक अक्षरात बरंच काही छापलेलं होतं. चष्मा पर्समध्येच होता, पण तिने तो काढला नाही. माणसाला जे वाचायचं नसतं ते नेहमीच फार बारीक अक्षरात असतं.

दुपारच्या सुट्टीत घरी आल्यावर, धाकटी कामावर असताना, तिने सासूबाईंच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या. "या तिच्यापेक्षा भारी आहेत. पण आई, धाकटीला सांगू नका. तिला वाईट वाटेल."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली. नवरा गेल्यापासून त्यांच्यासाठी कुणी भांडलं नव्हतं. आता दोन सुना आपल्यासाठी चढाओढ करतात हे त्यांना कळलं, आणि ते त्यांना गोड वाटलं. त्यांनी गोळ्या गिळल्या आणि तोंडाला कुलूप लावलं.

एवढं करून सासूबाई गप्प बसत्या तरी बरं. पण संध्याकाळी त्या धाकटीला म्हणाल्या, "थोरलीसुद्धा हल्ली फार बघते हो माझं." एवढंच. काय बघते ते सांगितलं नाही. धाकटीला ते वाक्य कुसळासारखं टोचलं. मत्सराची मक्तेदारी काही एकट्या थोरलीकडे नव्हती. पुढच्याच आठवड्यात धाकटीच्या पर्समधून माशाच्या तेलाच्या पिवळ्या कॅप्सूल आल्या, आणि मागोमाग व्यायामशाळेतल्या शिक्षकाने सुचवलेल्या आणखी कसल्याशा. त्याही गुपचूप. "ताईंना कळू देऊ नका, आई. त्या उगाच डॉक्टरांचं काढतील."

अशा रीतीने एका म्हातारीच्या पोटात सकाळी एक फसफस, दुपारी दोन गोळ्या, जेवणानंतर कॅप्सूल, आणि संध्याकाळी ती रक्त पातळ करणारी मूळची गोळी जाऊ लागली. घरात सगळे एकमेकांच्या डोळ्यांसमोर वावरत होते, आणि या सगळ्याची बेरीज मात्र कुणालाच ठाऊक नव्हती.

पहिल्यांदा दिसला तो डाग. स्वेटर चढवताना सासूबाईंच्या दंडावर जांभळा डाग थोरलीला दिसला, चांगला पंज्याएवढा.

"कुठे आपटलात?"

"कुठेच नाही. म्हातारी कातडी."

दोन दिवसांनी दुसऱ्या हातावर तसाच डाग उमटला. मग दात घासताना बेसिनमध्ये गुलाबी चूळ दिसली. थोरली आधी घाबरली, आणि पुढच्याच क्षणी, सांगायला लाज वाटते पण तसंच झालं, तिला बरं वाटलं. धाकटीची ती नारिंगी गोळी बाधली असणार. आता कळेल सगळ्यांना.

ती नवऱ्याला म्हणाली, "बघ, त्या फसफशीने आईंच्या अंगावर काय उठलंय."

"मग डॉक्टरांना दाखव की. रक्ततपासणी पण राहिलीय ना या वेळची?"

तपासणी चुकून राहिली नव्हती, तिनेच ती लांबवली होती. डॉक्टरीणबाई 'आणखी काय चालू आहे' असं विचारणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि उत्तर द्यायचं तर काळ्या बरणीचं नाव घ्यावं लागणार होतं. "लाँड्रीत फार काम आहे. पुढच्या आठवड्यात नेते," ती म्हणाली. दुपारच्या दोन गोळ्या मात्र तिने बंद केल्या नाहीत. आपण बंद केल्या आणि धाकटीच्या चालू राहिल्या, तर सासूबाई कुणाच्या राहतील, असा तिचा हिशेब होता.

सासूबाईंना सर्दी झाली ती रविवारी. एवढ्या गोळ्यांच्या पहाऱ्यातून सर्दी आपल्या पावलांनी आत आली. दुपारी जेवण उरकून सगळे बसले होते. सासूबाईंनी एक जोरात शिंक दिली आणि नाकाला रुमाल लावला. रुमाल लाल झाला.

"डोकं मागे करा," धाकटा म्हणाला.

"मागे नाही, पुढे वाकवा आणि नाक दाबून धरा," धाकटी म्हणाली. तिला व्यायामशाळेत एवढं शिकवलेलं होतं. थोरलीने नाक दाबून धरलं. रुमालानंतर टॉवेल आला. टॉवेल बदलला, तोही भिजला. सासूबाईंच्या घशात रक्त उतरत होतं, त्या मध्येच ओकल्या आणि मग त्यांची मान खांद्यावर कलली. थोरलीने हात धरला तर बर्फासारखा. थोरला गाडी काढायला धावला.

दवाखान्यात पडद्याआड त्यांच्या नाकात कापसाची पट्टी ठासून भरली, शिरेत सुई लावली. तरुण डॉक्टर बाहेर आला. त्याने विचारलं, "रक्त पातळ करणाऱ्या गोळीशिवाय आणखी काय घेतात त्या?"

"काही नाही," धाकटा म्हणाला.

"काही म्हणजे काहीच नाही? जीवनसत्त्वं, काढे, कुणी दिलेल्या पुड्या?"

थोरल्याने धाकटीकडे बोट केलं. "ही देते ना ती फसफसणारी गोळी. मी बायकोकडून ऐकलंय. हातावर डाग आलेत ते त्यानेच."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. धाकटा बायकोकडे असा बघू लागला, जणू तिला पहिल्यांदाच पाहतोय. थोरली भिंतीला टेकून उभी होती. इतके महिने मनात घोळवलेला प्रसंग तिच्या पुढ्यात आयता वाढून आला होता. धाकटी चारचौघांत गुन्हेगार ठरली होती. आता फक्त गप्प राहायचं होतं.

डॉक्टरने गोळीचं नाव विचारलं, ऐकलं आणि मान हलवली. "ती घेताना विचारायला हवं होतं. पण तेवढ्याने रक्त इतकं पातळ होईल असं मला वाटत नाही. पोटात दुसरं काहीतरी जातंय. काय जातंय ते नीट कळलं तर आम्हाला पुढचं ठरवता येईल. नाहीतर अंधारात चाचपडणं आहे."

तो पुन्हा पडद्याआड जायला वळला. आतून सासूबाईंचा कण्हण्याचा आवाज आला, आणि तो 'आई गं' असा नव्हता. "मोजे, माझे मोजे," असं त्या पुटपुटत होत्या. त्यांच्या पायांना थंडी वाजत होती.

"मी देत होते," थोरली म्हणाली.

डॉक्टर थांबला.

"लसणीच्या अर्काच्या गोळ्या. रोज दुपारी दोन. बरणीवर एकच लिहिली असेल, मी वाचलं नाही. तपासणीला आणायचं होतं, तेही मी मुद्दाम टाळलं. तुम्ही विचाराल म्हणून."

थोरला म्हणाला, "तू?"

"हो, मीच. हिच्यापेक्षा मी चांगली दिसावी म्हणून."

मग धाकटी बाकावरून उठली. तिचा गोड आवाज कुठल्या कुठे गेला होता. "माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पण आहेत. आणि ई जीवनसत्त्वाच्या, जास्त ताकदीच्या. मी देत होते. ताईंना माहीत नव्हतं."

डॉक्टरने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. रागावला नाही. "घरी जाऊन सगळ्या बरण्या घेऊन या. एकही मागे ठेवू नका," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

दोघी जावा एकाच रिक्षात बसून घरी गेल्या. घरी थोरलीने स्वतःच्या कपाटातल्या चादरींमागून काळी बरणी काढली, धाकटीने आपल्या चपलांच्या खोक्यातून कॅप्सूल काढल्या. दोघींच्या लपवण्याच्या जागा एकमेकींच्या खोल्यांपासून हातभर अंतरावर होत्या. पिशवी भरल्यावर धाकटी जमिनीवर बसली आणि रडू लागली.

"मला वाटायचं, तुम्ही इतकी वर्षं केलंय त्यांचं," ती म्हणाली. "मी काहीही केलं तरी मी नवीनच. म्हणून मी..."

जिचा आपण हेवा करतो तीही आपला हेवा करत असेल, हे थोरलीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिने धाकटीला हात देऊन उठवलं. "मोजे घे आईंचे. हीटरवर आहेत," ती म्हणाली.

सासूबाईंना रक्त द्यावं लागलं. रक्त पुन्हा नीट गोठू लागावं म्हणून औषधं द्यावी लागली. त्या वाचल्या, पण काठीवाचून चालेनाशा झाल्या, आणि कितीतरी दिवस कुशीवर वळायला त्यांना कुणाचा तरी हात लागायचा. डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांना समोर बसवलं.

"थंडीत सर्दी होते आणि बहुतेक वेळा आपोआप जाते," त्या म्हणाल्या. "ती मुळातच होऊ नये अशी गोळी अजून कुणी बनवलेली नाही. नीट जेवण, झोप, हात धुणं, फ्लूची लस, एवढं केलंत तरी पुष्कळ झालं. एखादं जीवनसत्त्व तपासणीत कमी निघालं तर ते मी देईन, किती आणि किती दिवस तेही सांगेन. दोन बरण्यांत तीच वस्तू असू शकते, मग मात्रा दुप्पट होते. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ज्याने गुण येतो त्याने अवगुणही येतो. आणि ज्याचं कुठलंही रोजचं औषध चालू आहे, त्याने तर विचारल्याशिवाय काहीच घ्यायचं नाही. पण तुमच्या घरातला रोग या बरण्यांमध्ये नव्हता. तुम्ही लपवलंत. ते मला औषध देऊन बरं करता येत नाही."

वाचकहो, गोष्ट इथे संपली असती तर ती नुसती गोळ्यांची गोष्ट झाली असती.

सासूबाई घरी आल्यावर नणंद भेटायला आली. शेजारच्या चारजणी आल्या. सासूबाई उशांना टेकून बसल्या होत्या, आणि दुखण्यातून उठलेल्या माणसाला असतो तसा त्यांना बोलण्याचा हुरूप होता. त्यांनी थोरलीचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिच्यामुळे जगले मी. हिने खरं सांगितलं म्हणून डॉक्टरांना कळलं. नाहीतर त्या दुसरीने फसफस पाजून पाजून मला वर पाठवलं असतं."

दाराशी धाकटी पाण्याचे पेले घेऊन उभी होती. पेले एकमेकांवर किणकिणले.

इतकी वर्षं थोरली ज्या शब्दांसाठी झुरली होती ते शब्द अखेर आले होते, आणि तेही चारचौघांत, नणंदेसमोर. तिच्या छातीत ऊब पसरली. खोटं कशाला सांगायचं, तो घास तिला गिळावासा वाटला. नणंद मान डोलवत होती. शेजारणी धाकटीकडे बघून भुवया उंचावत होत्या.

थोरलीने हात सोडवून घेतला.

"असं बोलू नका, आई," ती म्हणाली. "जास्त घातक होतं ते मी दिलेलं. तपासणी मी टाळली. नाक कसं धरायचं ते हिला माहीत होतं म्हणून तुम्ही दवाखान्यापर्यंत पोचलात."

"अगं, मी तुझं कौतुक करतेय."

"तेच नको. एकीचं कौतुक करायला दुसरीला खाली पाडावं लागत असेल, तर मला ते कौतुक नको. तुम्हीही दोघींच्या गोळ्या गुपचूप घेतल्यात, आई. तुम्हाला ते आवडत होतं. आम्हा दोघींनाही काय आवडत होतं ते आम्हाला माहीत आहे. आता या घरात कुणाची सेवा मोठी याची मोजदाद व्हायची नाही. झाली तर मी उठून जाईन."

सून सासूला लेकीसमोर असं बोलते हे शेजारणींना फार लागलं. एकीने पदर सावरला, दुसरीने घड्याळ पाहिलं. नणंद म्हणाली, "वहिनी, आई आजारी आहे."

"आजारी आहेत म्हणूनच बोलते, वन्सं. बऱ्या झाल्यावर पुन्हा सुरू होईल."

सासूबाई रुसल्या. दोन दिवस थोरलीशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोघी सुनांना हाक मारली आणि तोंड भिंतीकडे करून म्हणाल्या, "माझ्या सासूने आम्हा तिघी जावांना असंच झुंजवलं. मला वाटायचं, म्हातारपणी हीच काय ती गंमत उरते." माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. त्या पिढीला ते जमायचं नाही.

लाँड्रीत रफूवालीने नवी बरणी पुढे केली तेव्हा थोरलीने इस्त्री उभी केली, पर्समधला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि बरणीवरचं बारीक अक्षर मोठ्याने वाचलं. रक्त पातळ करणारं औषध चालू असल्यास घेऊ नये, असं तिथे स्वच्छ छापलेलं होतं. कोट घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. रफूवालीचं तोंड कडू झालं आणि त्या आठवड्यात ती थोरलीशी बोलली नाही. पण गिऱ्हाइकांपैकी एक बाई दारातून परत आली. "माझ्या वडिलांना मीच देते हे," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि माझी वहिनी काय देते, मला माहीत नाही."

"मग आज घरी गेल्यावर विचारा," थोरली म्हणाली. "आधी तुमचं सांगा, मग तिचं विचारा."

मत्सर असा एका हिवाळ्यात मरत नाही. धाकटीच्या एखाद्या थट्टेवर सासूबाई खळखळून हसल्या की थोरलीच्या आत अजूनही काहीतरी टोचतं. तेव्हा ती हातातलं काम ठेवते, त्या खोलीत जाते आणि त्या दोघींच्यात बसते. कधी हसू येतं, कधी येत नाही. पण ती दाराआड उभी राहत नाही.